गव्हात तांबेरा-प्रतिकारक जनुक आणताना: बॅकक्रॉसचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

दोन तक्रारी वारंवार कानावर येतात. पहिली, "मार्कर (जनुकाची डीएनएवरची खूण) पॉझिटिव्ह आहे, तरी ओळीवर तांबेरा आलाच." दुसरी, "रोपावस्थेच्या चाचणीत सगळ्या ओळी नापास झाल्या म्हणून फेकून दिल्या, मग कळलं की ते जनुक मोठ्या झाडातच काम करतं." एमएस्सी, पीएचडीचे विद्यार्थी असोत की बियाणे कंपन्यांतले नवे पैदासकार, चूक बहुतेक वेळा प्रयोगशाळेत झालेली नसते. ती क्रमात झालेली असते. आई-बाप नीट तपासण्याआधीच क्रॉस केलेला असतो आणि तीन-चार हंगाम गेल्यावर ते उघड होतं.

म्हणून इथे एकच काम धरून पायऱ्या देतो. लोक-१ सारखा सरबती वाण घ्यायचा. जनुक घेणारा हा वाण ग्राही, जनुक देणारा तो दाता, आणि संकराचा पुन्हा पुन्हा ग्राहीशी केलेला क्रॉस म्हणजे बॅकक्रॉस. दाणा टपोरा, चपाती चांगली, पण तांबेरा येतो. त्यात दोन जनुकं आणायची. एक म्हणजे एलआर २४, ज्याला एसआर २४ जोडूनच येतं, आणि दुसरं एलआर ३४. "एलआर" म्हणजे पानावरच्या नारिंगी तांबेऱ्याविरुद्धचं जनुक, "एसआर" खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं, "वायआर" पिवळ्याविरुद्धचं.

१. आधी शत्रू ठरवा

महाराष्ट्रात आणि एकूण दक्षिण भारतातल्या सपाटीवर नारिंगी आणि काळा हे दोन तांबेरे महत्त्वाचे. पिवळ्याला थंडी लागते. तो पंजाब-हिमाचलच्या पायथ्याचा आणि निलगिरीचा प्रश्न. निफाडच्या शेतकऱ्यासाठी वायआर जनुकांच्या मागे दोन वर्षं घालवू नका.

तांबेऱ्याचं नाव ठरलं की पॅथोटाइप, म्हणजे त्या बुरशीचा उपप्रकार, बघा. बुरशीतलं एक जनुक आणि गव्हातलं एक जनुक समोरासमोर असतात. बुरशीचं ते जनुक बदललं की गव्हाचं जनुक जागेवर असूनही निकामी होतं. याची भारतातली उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा:

- एलआर २६ हे राय या धान्याकडून आलेल्या तुकड्यावर एसआर ३१ सोबत येतं. ७७-५ या पॅथोटाइपसमोर ते टिकत नाही.
- एलआर १९ वर मात करणारा ७७-८ भारतात सापडलेला आहे.
- एसआर २४ वर मात करणारा ४०-१ हा काळ्या तांबेऱ्याचा पॅथोटाइप निलगिरीत आहे.
- एसआर ३१ भारतात चांगलं चालतं, पण १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या यूजी ९९ या काळ्या तांबेऱ्याच्या पॅथोटाइपने ते मोडलं. पुढे त्याच घराण्यातल्या एका रूपाने केनियात एसआर २४ ही मोडलं.

कुठल्या भागात कुठला पॅथोटाइप वाढतोय याची माहिती शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राकडे दरवर्षी जमा होते. आपल्याकडे महाबळेश्वरचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. क्रॉसच्या आधी तिथे विचारा, नंतर नको.

*सावधान:* परदेशातल्या एखाद्या शोधनिबंधात जनुक "पूर्ण परिणामकारक" लिहिलंय, एवढ्यावर दाता निवडू नका. ते त्या देशाच्या बुरशीबद्दलचं विधान असतं.

२. ग्राही वाण एका झाडापासून सुरू करा

बाजारातून आणलेली लोक-१ ची पिशवी म्हणजे शुद्ध ओळ नव्हे. त्यात दुसऱ्या वाणांचे दाणे निघतात. शेतातून वाणाच्या सगळ्या खुणा जुळणारं एकच झाड निवडा, त्याचं बी वेगळं वाढवा आणि पुढच्या प्रत्येक बॅकक्रॉससाठी तेच वापरा. हे केलं नाही तर प्रत्येक पिढीत थोडी वेगळी आई येते आणि "मूळ वाणाचा किती टक्के जीनोम परत आला" या हिशेबाला अर्थ राहत नाही.

मग या ओळीच्या तीन तपासण्या करा.

अ) सीएसएलव्ही३४ मार्कर. एलआर ३४ असेल तर जेलवर १५० बेस-जोड्यांचा (हे डीएनएच्या लांबीचं माप) बँड, म्हणजे पट्टी दिसते, नसेल तर २२९ ची. भारतातल्या बऱ्याच जुन्या वाणांत एलआर ३४ आधीच असतं. ते असेल तर पुन्हा घालण्यात वेळ वाया जातो.

आ) एलआर २४ चा मार्कर, उदाहरणार्थ एससीएस७३-७१९. जनुक असेल तर ७१९ बेस-जोड्यांचा बँड, नसेल तर काहीच नाही.

इ) रोपावस्थेतली तांबेरा चाचणी, तुमच्या भागातल्या पॅथोटाइपवर. ग्राहीवर ३ किंवा ४ प्रकारचे, म्हणजे रोगट झाडाचे, फोड आलेच पाहिजेत. ग्राहीच निम्मा प्रतिकारक निघाला तर पुढे संततीत फरक ओळखता येणार नाही.

३. दाता निवडताना जनुकासोबत काय येतं ते बघा

नवख्यांच्या सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात.

एलआर २४/एसआर २४ हा तुकडा उंच गव्हाळ गवताकडून गव्हाच्या ३डी गुणसूत्रावर आलेला आहे. तो परका असल्यामुळे गव्हाच्या गुणसूत्राशी त्याची अदलाबदल जवळजवळ होत नाही. म्हणजे तुम्ही सहा बॅकक्रॉस करा की दहा, तुकडा आहे तेवढाच राहतो आणि त्यावर जे काही आहे ते सोबत येतं. "बॅकक्रॉस वाढवले की नको ते गुण निघून जातील" हा नियम गव्हाच्या स्वतःच्या जनुकांना लागू आहे, परक्या तुकड्यांना नाही.

याचा थेट परिणाम दाण्यावर होतो. 'एजंट' या जुन्या अमेरिकी स्रोतात एलआर २४ च्या शेजारी दाण्याचा लाल रंग चिकटलेला आहे. आपल्याकडे लाल दाण्याच्या गव्हाला मंडईत भाव नाही. म्हणून पांढऱ्या, म्हणजे अंबर दाण्याचा स्रोत घ्या. '३एजी#१४' या साठ्यातून आलेल्या ओळी तशा आहेत आणि निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या केंद्राने त्याच वापरून भारतीय वाण सुधारले. सी-३०६ पासून तयार झालेला एचडब्ल्यू २००४ (अमर) हा त्यातलाच.

एलआर १९/एसआर २५ च्या तुकड्यावर पिठाला पिवळेपणा देणारं जनुक बसलेलं आहे. शेवयांच्या, पास्ताच्या बन्सी गव्हात तो पिवळेपणा हवासा वाटेल, चपातीच्या गव्हात नाही. राय धान्याच्या १बीएल.१आरएस तुकड्यामुळे (एलआर २६ यावरच असतं) कणीक चिकट होते. ही माहिती दात्याच्या नावासमोर पहिल्याच दिवशी वहीत लिहा.

*सावधान:* ग्राही बन्सी (ड्युरम) किंवा खपली असेल तर इथेच थांबा. सरबती गव्हात ४२ गुणसूत्रं आणि ए, बी, डी असे तीन जीनोम (गुणसूत्रांचे संच) असतात. बन्सी-खपलीत २८ आणि डी जीनोमच नाही. एलआर २४ आहे ३डी वर, एलआर ३४ आहे ७डी वर. क्रॉस लागेल, ३५ गुणसूत्रांचं एफ-१, म्हणजे संकराची पहिली पिढी, उगवेलही, पण डी गुणसूत्रांना जोडीदार नसल्यामुळे जनुक साध्या बॅकक्रॉसने ए किंवा बी वर जाणार नाही. बन्सीसाठी ए किंवा बी जीनोमवरची जनुकं शोधा. ३बी वरचं एसआर २ मुळात खपलीच्या भावकीतल्या एमर गव्हातूनच आलेलं आहे.

एलआर ३४ बद्दल थोडं जास्त. हे जनुक रोग थांबवत नाही, मंदावतं. फोड कमी, लहान आणि उशिरा येतात. ते कुठल्या एका पॅथोटाइपपुरतं नसतं, म्हणून दशकानुदशकं टिकून आहे. त्याच जागी वायआर १८, एसआर ५७ आणि भुरीविरुद्धचं पीएम ३८ अशीही नावं दिसतील. जनुक एकच आहे. २००९ मध्ये ते वेगळं काढलं तेव्हा ते पेशीपटलातून पदार्थ वाहून नेणारं प्रथिन तयार करतं असं दिसलं. शेंड्याच्या पानाचं टोक वाळणं ही त्याची डोळ्यांना दिसणारी खूण. पाण्याच्या ताणानेही टोक वाळतं, त्यामुळे नुसत्या या खुणेवर निवड करू नका.

४. दोन रांगा वेगळ्या ठेवा

दोन्ही जनुकं पहिल्याच क्रॉसमध्ये एकत्र आणण्याचा मोह होतो. तो टाळा. अ-रांग: लोक-१ मध्ये एलआर २४. ब-रांग: लोक-१ मध्ये एलआर ३४. दोन्ही स्वतंत्रपणे तिसऱ्या बॅकक्रॉसपर्यंत न्या आणि मग एकमेकांशी जोडा.

कारण सरळ आहे. एलआर २४ असलेल्या झाडावर पानाचा तांबेरा जवळजवळ येतच नाही, मग त्याच झाडात एलआर ३४ काम करतंय की नाही हे डोळ्यांना दिसणार कसं? एलआर २४ ला मोडणारा पॅथोटाइप हाताशी नसेल तर दुसऱ्या जनुकाची खात्री फक्त ब-रांगेतच करता येते. शिवाय प्रत्येक पिढीत लागणारी झाडं कमी होतात. हिशेब पुढे येतोच.

५. क्रॉस करताना

ग्राही नेहमी मादी ठेवा. ग्राहीचं पेशीद्रव्य तर राहतंच, पण त्याहून उपयोगी गोष्ट अशी की पुंकेसर काढताना चूक होऊन स्वपरागण झालं तर तो दाणा शुद्ध लोक-१ असतो. त्याचा मार्कर निगेटिव्ह येतो आणि तो आपोआप गळतो. उलट संकर झाडाला मादी केलं तर त्याच्या स्वपरागणातल्या दाण्यांपैकी तीन-चतुर्थांश दाण्यांत जनुक असतं आणि ते बॅकक्रॉस समजून पुढे जातात.

१) पोटरीतून नुकतीच बाहेर आलेली, परागकोष अजून हिरवे असलेली ओंबी निवडा. एकही परागकोष पिवळा दिसला तर ती सोडा.

२) खालच्या आणि शेंड्याकडच्या बारक्या कणिशिका काढून टाका. उरलेल्या प्रत्येक कणिशिकेत कडेची दोनच फुलं ठेवा, मधली चिमट्याने उपटा.

३) कुसळं आणि तुसाची टोकं कापा. प्रत्येक फुलातले तीनही परागकोष काढा आणि मोजा. दोन काढून तिसरा राहणं हीच नेहमीची चूक. कोष फुटला तर ते फूलच काढून टाका आणि चिमटा स्पिरिटमध्ये बुडवा.

४) बटर पेपरची पिशवी घाला आणि तारखेची चिठ्ठी बांधा.

५) दोन ते चार दिवसांनी सकाळी फुलातलं स्त्रीकेसर पिसासारखं फुललेलं दिसलं की परागण करा. नराचा पराग काही मिनिटांतच क्षीण होतो. परागकोष तोडून डबीत घालून शेताच्या दुसऱ्या टोकाला नेऊ नका. नर ओंबी मादीजवळ आणूनच वापरा.

*तपासणी:* एफ-१ च्या प्रत्येक झाडाचा डीएनए काढा. अ-रांगेत ७१९ चा बँड दिसला पाहिजे. ब-रांगेत १५० आणि २२९ असे दोन्ही बँड दिसले पाहिजेत. फक्त २२९ आला तर ते झाड संकर नव्हे.

६. बॅकक्रॉस: किती झाडं पुरतात

प्रत्येक बॅकक्रॉसमध्ये निम्म्या झाडांत जनुक येतं. एक तरी वाहक झाड मिळेल याची ९९ टक्के खात्री हवी असेल तर एका जनुकासाठी ७ झाडं पुरतात. दोन जनुकं एकत्र वाहायची असतील तर १७ आणि तीन असतील तर ३५. हे उगवलेल्या आणि डीएनए मिळालेल्या झाडांचे आकडे आहेत, लावलेल्या दाण्यांचे नव्हेत. मर धरून किमान तिप्पट दाणे पेरा. वाहकांमधून ग्राहीसारखं दिसणारं झाड निवडायचं असेल तर आणखी.

मूळ वाणाचा वाटा सरासरीने असा वाढतो: पहिल्या बॅकक्रॉसला ७५ टक्के, दुसऱ्याला ८७.५, तिसऱ्याला ९३.७५. ही सरासरी आहे. एका पिढीतल्या दोन झाडांत बराच फरक असतो. इतर गुणसूत्रांवरचे मार्कर लावून पहिल्या आणि दुसऱ्या बॅकक्रॉसलाच चांगली झाडं उचलली तर एक पिढी वाचते. पैसे मोजके असतील तर ते इथे खर्च करा, शेवटच्या पिढीत नव्हे.

डीएनए दोन-तीन पानांवर असतानाच काढा. पोटरी दिसू लागल्यावर पान तोडलं तर निकाल येईपर्यंत फुलोरा संपलेला असतो.

मार्करच्या दोन गफलती लक्षात ठेवा. एससीएस७३-७१९ हा प्रभावी प्रकारचा मार्कर आहे. बँड आहे किंवा नाही, एवढंच तो सांगतो. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) फसला तरी "नाही" असंच दिसतं. म्हणून त्याच नळीत किंवा शेजारी असा दुसरा मार्कर चालवा ज्याचा बँड प्रत्येक गव्हात येतो. प्रत्येक जेलवर दाता, ग्राही आणि नुसतं पाणी हे तीन नमुने हवेतच. पाण्याच्या खान्यात बँड आला तर ती पूर्ण प्लेट रद्द करा, "बाकीचे तरी ठीक दिसतायत" म्हणू नका.

एलआर २४ चा निकाल मार्करवर मिळाला तरी तिसऱ्या बॅकक्रॉसच्या वाहक झाडांच्या संततीतून थोडी रोपं तांबेऱ्यावर तपासा. ब-रांगेसाठी ही रोपचाचणी करू नका, एलआर ३४ रोपावस्थेत दिसत नाही.

७. जोडणी आणि स्थिर ओळी

अ आणि ब रांगेतली निवडलेली झाडं एकमेकांशी क्रॉस करा. दोन्ही वाहक विषमयुग्मी (जनुकाची एकच प्रत असलेले) असतात, त्यामुळे चार संततींपैकी एकीतच दोन्ही जनुकं सापडतात. पुन्हा १७ झाडांचा हिशेब. त्या झाडाचं स्वपरागण केल्यावर दोन्ही जनुकांसाठी शुद्ध झाड सोळात एक असतं. ९९ टक्के खात्रीसाठी ७२ झाडं हवीत. सीएसएलव्ही३४ मध्ये फक्त १५० चा बँड असलेली झाडं एलआर ३४ साठी शुद्ध. एलआर २४ बाबत मार्कर सांगू शकत नाही. तिथे प्रत्येक झाडाच्या संततीतली १७ रोपं तांबेऱ्यावर तपासा. एकही रोगट निघालं नाही तरच झाड शुद्ध धरा.

दाता अनोळखी असेल तर

स्थानिक वाणात प्रतिकार दिसतोय, पण जनुक माहीत नाही, अशा वेळी आधी एफ-२ (एफ-१ च्या स्वपरागणातून आलेली पिढी) मध्ये किती जनुकं आहेत ते मोजावं लागतं. इथे झाडांचा आकडा कमी ठेवण्याची घातक सवय आहे. समजा ४० झाडांत २७ प्रतिकारक, १३ रोगट निघाली. ३:१ शी काई-वर्ग (अपेक्षेपासूनचा फरक मोजणारा आकडा) १.२०, ९:७ शी २.०६. दोन्ही ३.८४ या मर्यादेच्या आत, म्हणजे एक प्रभावी जनुक आणि दोन पूरक जनुकं, दोन्ही उत्तरं "बरोबर". काहीच कळलं नाही. २०० झाडांत १४१ आणि ५९ निघाली असती तर ३:१ शी २.१६ आणि ९:७ शी १६ पेक्षा जास्त आलं असतं, आणि उत्तर स्पष्ट झालं असतं. दोनशेच्या खाली एफ-२ मोजूच नका आणि एफ-३ कुटुंबांच्या १:२:१ ने ते पडताळा.

८. तांबेरा चाचणी

रोपावस्था: पेरणीनंतर साधारण ७ दिवसांनी, पहिलं पान पूर्ण उघडल्यावर बीजाणू लावा. सोबत आग्रा लोकल हा रोगाला बळी पडणारा वाण, लोक-१ आणि दाता हवेत. रात्रभर अंधारात, पूर्ण ओलाव्यात आणि २० अंशांच्या आसपास ठेवा. काळ्या तांबेऱ्यात ओलावा असतानाच सकाळी उजेड द्या आणि पानं हळूहळू सुकू द्या, नाहीतर बुरशी आत शिरत नाही आणि सगळीच रोपं "प्रतिकारक" दिसतात. नोंद १२ ते १४ दिवसांनी.

० ते २ प्रतिकारक, ३ आणि ४ रोगट. एसआर २४ वर बऱ्याचदा २ प्रकारचे, म्हणजे हिरव्या-पिवळ्या वर्तुळातले लहान फोड येतात. फोड दिसला म्हणून रोप फेकू नका. फोडाचा आकार आणि त्याभोवतीचं वर्तुळ बघा.

तापमान रोज नोंदवा. एसआर ६ सारखी जनुकं २० अंशांच्या आसपास चालतात आणि २५ च्या वर गेल्यावर ढेपाळतात. एअर कंडिशनर बंद पडलेल्या आठवड्याची नोंद वापरू नका.

*तपासणी:* आग्रा लोकलवर ३-४ आले नाहीत तर पूर्ण चाचणी रद्द. इतर ओळींचे आकडे कितीही छान असोत.

शेतातली चाचणी ब-रांग आणि जोडलेल्या ओळींसाठी अनिवार्य. डिसेंबरात उशिरा पेरा म्हणजे वाढता उष्मा काळ्या तांबेऱ्याला पोषक ठरतो. चारही बाजूंनी आग्रा लोकलच्या ओळी लावा. पोटरीच्या आधी संध्याकाळी, पाणी दिलेल्या शेतात बीजाणू लावा. दर आठवड्याला शेंड्याच्या पानावर टक्के आणि प्रतिक्रिया दोन्ही नोंदवा. ४०एमआर (४० टक्के, मध्यम प्रतिकारक) म्हणजे ४० गुणिले ०.४, १६, ४०एस (४० टक्के, रोगट) म्हणजे ४०. एकच आठवडा बघून ठरवू नका; एलआर ३४ ची ओळ सुरुवातीला स्वच्छ आणि शेवटी थोडी रोगट दिसते, तीच तिची खूण.

*सावधान:* बाहेरच्या भागातला पॅथोटाइप आपल्या शेतात मोकळा सोडू नका. तसली चाचणी फ्लॉवरडेल किंवा महाबळेश्वरच्या केंद्रामार्फतच करून घ्या. वेलिंग्टनला बिगरहंगामी पीक घेत असाल तर तिथल्या ४०-१ मुळे एसआर २४ ची ओळ काळ्या तांबेऱ्यात सापडेल. ते मार्करचं अपयश नाही. पुढच्या फेरीत एसआर २ जोडण्याची ती सूचना आहे. ते जनुक अप्रभावी आहे, तेव्हा रोग बघून बॅकक्रॉस निवडू नका, मार्कर लावा.

९. ओळ सोपवण्याआधी

जोडलेली ओळ, अ-रांग, ब-रांग आणि मूळ लोक-१ शेजारी-शेजारी पेरा. उंची, पक्वतेचे दिवस, हजार दाण्यांचं वजन, दाण्याचा रंग मोजा. पीठ मळून चपाती करून घरात चार जणांना खाऊ घाला. तुकड्यासोबत आलेला चिकटपणा किंवा रंग तिथे लगेच कळतो.

अ आणि ब रांगेचं बी टाकू नका. सुकवून, घट्ट डब्यात, थंड जागी ठेवा आणि दरवर्षी जोडलेल्या ओळीच्या शेजारी एक-एक ओळ पेरा. ज्या वर्षी अ-रांग रोगट होईल आणि जोडलेली ओळ टिकून राहील, त्या वर्षी एलआर २४ मोडलंय हे तुम्हाला सर्वात आधी कळेल, आणि पानाचा नमुना फ्लॉवरडेलला पाठवता येईल.